पिठीला पाणी किती?

मराठीत खाण्याबद्दल भरपूर लिहिलं जातं. पाककृतींची पुस्तकं निघतात, दिवाळी अंकांत लेख येतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये सदरं चालतात, आणि आता तर रोज नवे व्हिडिओ येतात. या सगळ्याची समीक्षा मात्र फारशी होत नाही. कादंबरी हातात आली की आपण विचारतो, ही कुणाच्या नजरेतून सांगितली आहे, तिच्यात काय गाळलं आहे, माणसं खरी वाटतात का. पाककृतीला आपण एकच प्रश्न विचारतो: पदार्थ जमला का? जमला तर पुस्तक चांगलं, फसला तर वाईट. कादंबरीला विचारतो ते प्रश्न पाककृतीलाही विचारायला हवेत असं मला वाटतं. 'मालवणी' या नावाखाली जे लिहिलं, छापलं आणि दाखवलं जातं, त्याला मी या लेखात ते विचारणार आहे. कारण ते अन्न खाऊनच मी वाढले.

मी मसुऱ्याची. मालवण तालुक्यातलं हे गाव समुद्राला लागून नाही, गड नदीच्या काठी आहे. अलीकडे भरतगड, पलीकडच्या तीरावर भगवंतगड, आणि मधून नदी कालावलच्या खाडीकडे जाते. इंजिनिअरिंग करून मी पुण्यात आले, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि एकटी राहते. रात्री साडेनऊला लॅपटॉप मिटला की फोनवरून काहीतरी मागवायचं किंवा स्वतः शिजवायचं, एवढंच हातात उरतं. शिजवायला लागल्यापासून मी पाककृती मन लावून वाचू लागले. सुरुवात कुळथाच्या पिठीपासून झाली, कारण घरून आलेल्या सामानात कुळथाचं पीठ होतं आणि पिठी हा आमच्याकडचा सगळ्यांत सोपा पदार्थ समजला जातो.

पिठीच्या कृती पुष्कळ सापडतात. कुठे तीन चमचे पिठाला तीन वाट्या पाणी, कुठे अर्ध्या वाटीला चार वाट्या, कुठे नुसतं 'आवश्यकतेनुसार'. आईला फोन करून विचारलं, "पाणी किती?" ती म्हणाली, "बघान घाल गो." काय बघून, असं विचारल्यावर हसली. तिला उत्तर ठाऊक होतं. फक्त ते एका वाक्यात मावणारं नव्हतं.

आईने मला स्वयंपाक शिकवला नाही आणि ते तिने ठरवून केलं. आजीला चुलीपुढून उठायला मिळालं नाही, आईला थोडंफार मिळालं, मला पूर्ण मिळावं असं तिला वाटत होतं. मी स्वयंपाकघरात डोकावले की ती म्हणायची, "तू अभ्यास कर, ह्यां माका जमता." त्या वाक्याच्या जोरावर मी इंजिनिअर झाले. आणि त्याच वाक्यामुळे आजीला जे येत होतं त्यातलं फार थोडं माझ्यापर्यंत पोचलं. गावातून शिकून बाहेर पडलेल्या माझ्या वयाच्या कित्येक मुलींची हीच गोष्ट आहे. एका हातातून दुसऱ्या हातात विद्या जाण्याची जुनी वाट आमच्या आयांनी आमच्या भल्यासाठी मोडली. आता ती विद्या लेखनातून आली तर येईल, नाहीतर आमच्यापाशी थांबेल. म्हणून ते लेखन कसं आहे, हा माझ्यासाठी नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

छापील मराठी पाककृतींना दीडशे वर्षांची परंपरा आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ साली निघालं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आलं. १९४३ साली सारस्वत महिला समाजाने 'रसचंद्रिका' काढलं. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोचलं. यांतलं पहिलं पुस्तक पुरुषाचं आहे, पुढची बायकांची. यांतल्या बायकांच्या पुस्तकांमागे तर त्या त्या जातीचं स्वयंपाकघर स्पष्ट दिसतं: धुरंधरांच्या पुस्तकामागे पाठारे प्रभूंचं, 'रसचंद्रिका'मागे सारस्वतांचं, 'रुचिरा'मागे मध्यमवर्गीय ब्राह्मणी घराचं. 'रसचंद्रिका'वर ते प्रकाशकाच्या नावातच लिहिलेलं आहे. 'रुचिरा' मात्र साधं 'मराठी स्वयंपाकाचं पुस्तक' म्हणून वाचलं गेलं.

'रुचिरा'ला नावं ठेवायची फॅशन आहे. खरा स्वयंपाक वाटी-चमच्याने होत नाही, हाताला अंदाज लागतो, असं ऐकवलं जातं. मला हे पटत नाही. वाटी-चमच्याचं माप हीच या पुस्तकाची मोठी कामगिरी आहे. लग्न होऊन मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत आलेल्या मुलीला शेजारी विचारायला कुणी नव्हतं, किंवा जी होती तिला विचारण्यात कमीपणा होता. अशा मुलीला 'दोन वाट्या' हा शब्द मोठा आधार होता. 'अंदाज' ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे सत्ता असते. ज्याच्याकडे नसतो त्याला दर वेळी विचारावं लागतं आणि बोलणी ऐकावी लागतात. मापाने ही सत्ता थोडी वाटून दिली. आईपासून साडेतीनशे किलोमीटरवर राहणाऱ्या माझ्यासारखीला मापाची टिंगल परवडणार नाही.

तरीही पिठीचं पाणी मापाने सुटलं नाही, आणि याचं कारण माप चुकीचं होतं असं नव्हे. वाटीचं माप काही गोष्टी ठरलेल्या धरून चालतं: चार माणसं, एकाच वेळी जेवणारी, कोपऱ्यावर वाण्याचं दुकान, बारमाही नारळ, नळाला पाणी, पेटवला की पेटणारा गॅस. शहरातल्या स्वयंपाकघरात यांतलं बरंचसं खरं असतं. मसुऱ्यातल्या स्वयंपाकघरात यांतली एकेक गोष्ट रोज बदलते, आणि स्वयंपाक करणं म्हणजे त्या बदलांना उत्तर देणं. पाककृती ते उत्तर लिहिते, पण प्रश्न गाळते.

हे गाळणं 'मालवणी'च्या बाबतीत जास्त झालं आहे, आणि त्याला इतिहास आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालचा. त्याआधी आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात होतो, आणि त्या जिल्ह्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत कामाला जात होती. बाप्ये मुंबईत, बायका-पोरं गावात, मधे मनीऑर्डर. गिरणगावात या माणसांना जेवू घालणाऱ्या खानावळी बहुतेक बायकांच्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. त्या घरगुती खानावळींत रोजचं अन्न होतं: भात, आमटी, सुकी मासळी, परवडलं तर ताजी. १९८२च्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या आणि खाणाऱ्यांचा तो वर्गही विखुरला. 'मालवणी' ही पाटी ठळक झाली ती हॉटेलांवर, आणि ही हॉटेलं चालली चाकरमान्याच्या आठवणीवर. चाकरमानी गावी यायचा गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. त्या दिवसांत घरात त्याच्यासाठी कोंबडी-वडे व्हायचे, चांगली तुकडी यायची, सोलकढी व्हायची. त्याच्या जिभेवर राहिला तो पाहुणचार. हॉटेलाने तो पाहुणचार थाळीत मांडला, पुस्तकांनी ती थाळी कृतींमध्ये उतरवली, आणि पर्यटन वाढल्यावर तीच थाळी मालवण-तारकर्लीला परत आली.

अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ साली भारतीय पाकपुस्तकांवर एक लेख लिहिला. प्रादेशिक स्वयंपाक जेव्हा शहरी मध्यमवर्गासाठी पुस्तकात येतो तेव्हा काही निवडक पदार्थ त्या प्रदेशाचे प्रतिनिधी बनतात आणि बाकीचे दिसेनासे होतात, असं त्यांच्या विवेचनातून दिसतं. त्यांचा भर इंग्रजी पुस्तकांवर आहे. पण मराठीतलं 'मालवणी' प्रकरण वाचताना तो लेख पदोपदी आठवतो. सुरमई, पापलेट, कोळंबी, कोंबडी-वडे, सोलकढी. पाच नावांत एक प्रदेश आटोपतो.

मसाल्याचंच पाहा. पाकिटातला 'मालवणी मसाला' हल्ली प्रत्येक मालवणी कृतीत असतो, माशाच्या आमटीतही. आमच्या घरी भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप आणि गरम मसाल्याचं तिखट कोंबडीला, मटणाला किंवा काळ्या वाटाण्याच्या सांबाराला लागतं. माशाच्या आमटीला ओलं खोबरं, मिरची, धणे, हळद आणि आमसुलं. बांगडे किंवा पेडवे असतील तर ठेचलेली तिरफळं. शेजारच्या घरात यात कांदा असेल, त्यापुढच्या घरात नसेल. कुठल्या माशाला कुठलं वाटप, हे ज्ञान हाच या स्वयंपाकाचा गाभा आहे. थाळीतल्या सगळ्या वाट्या एकाच लाल रंगाच्या झाल्या की हा गाभा नाहीसा होतो, आणि खाणाऱ्याला ते कळतही नाही, कारण त्याला 'तिखट आणि झणझणीत' हीच ओळख सांगितलेली असते.

आता घरातलं अन्न. मसुऱ्यात सकाळी दहा-अकराला पेजेची वेळ होते. उकड्या तांदळाची पेज, सोबत खारातला आंबा किंवा भाजलेला सुका बांगडा. दुपारी भात आणि जे असेल त्याची आमटी. खाडीचं गाव असल्यामुळे खुबे, कुर्ल्या, शेंगटी हे आमचे मासे. सुरमई बाजारातून येणार आणि तीही क्वचित. जून-जुलैत मासेमारी बंद असते. मे महिन्यात सुकवून ठेवलेली मासळी, फणसाच्या बिया, कुळीथ आणि रानातल्या भाज्या यांवर ते दिवस निघतात. पहिल्या पावसाने टाकळा उगवतो, मग भारंगी, अळू. नागपंचमीला पातोळ्या, गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी. भात कापून झाल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर कुळीथ पेरतात आणि पुढच्या पावसाळ्याची पिठी तिथे तयार होऊ लागते. हे अन्न गरिबीतून आलं आहे, तसंच बारीक निरीक्षणातूनही. पोषणाच्या दृष्टीने पाहिलं तरी पेज, कडधान्य, छोटी मासळी आणि पालेभाज्या हे चांगलंचुंगलं खाणं आहे. थाळीत यांतलं जवळजवळ काही नसतं, कारण पाहुण्याला पेज वाढायची नसते.

पाहुण्यासाठी लिहिण्यात वाईट काही नाही. पण त्या लेखनाने घराचं नाव लावू नये. 'पारंपरिक मालवणी जेवण' असं जे सांगितलं जातं ते वर्षातल्या पंधरावीस दिवसांचं जेवण आहे. उरलेल्या साडेतीनशे दिवसांबद्दल लिहिणारं कुणी नाही.

याला उतारा म्हणून गावाकडच्या चुलीचे व्हिडिओ येतात. त्यांत पेज असते, पिठी असते, पाटा-वरवंटा असतो, पार्श्वभूमीला कोंबड्यांचा आवाज असतो. मी ते आवडीने पाहते आणि पाहून झाल्यावर अस्वस्थ होते. चुलीपुढे बसलेल्या म्हातारीचे हात जवळून दिसतात, पण ती किती वाजता उठली ते कळत नाही. लाकडं कुणी आणली, पावसाळ्यात ती ओली असली की धूर कुणाच्या डोळ्यांत जातो, रगड्यावर वाटताना खांदा कसा भरतो, यातलं काही दिसत नाही. श्रम चित्रात असतात, पण गोष्टीत नसतात. माझ्या आईला आयुष्यात सगळ्यांत मोठा आनंद कशाचा झाला असेल तर मिक्सरचा. 'पाट्यावरच्या वाटपाची चव मिक्सरला नाही' हे वाक्य तिच्यासमोर म्हणायची माझी हिंमत नाही. चवीत फरक पडतो हे तीही मान्य करेल. पण त्या चवीची किंमत तिच्या खांद्याने दिली आहे, आणि किंमत न सांगता चवीचं कौतुक करणारं लेखन अर्धवट आहे.

या बाबतीत मराठीत वेगळं काम झालं आहे ते शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात. २०१५ साली आलेलं हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या अन्नाबद्दल आहे. २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आल्यावर त्याची चर्चा वाढली. पंगतीत म्हणायच्या श्लोकातल्या 'पूर्ण'ला एक 'अ' लावून पाटोळे शीर्षकातच आपली बाजू सांगतात. पुस्तकात कृती आहेत, पण कृतीच्या आधी परिस्थिती येते. मांस कुठून येत होतं, त्याचे वाटे कसे पडत होते, जे एकदम संपत नसे ते सुकवून त्याच्या चान्या कशा करत, घरात तेल-तूप नसताना काय करत, हे समजल्यावरच कृतीला अर्थ येतो. धार्मिक आणि संतवाङ्मयात अन्नाची जी प्रतवारी आहे, तिच्यात हे अन्न कुठे बसवलं गेलं, हेही ते विचारतात. पाककृतीचं पुस्तक म्हणून ते हातात घेतलं तर काही वाचकांना मापं कमी वाटतील. पण 'काय नव्हतं' हे सांगितल्याशिवाय 'काय केलं' हे सांगता येत नाही, ही गोष्ट मला मराठीत इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या खाद्यपुस्तकात सापडली नाही.

पाटोळ्यांचं पुस्तक वाचल्यावर मी मसुऱ्याकडे परत पाहिलं. 'मालवणी' या शब्दाखाली आम्ही सगळे एकाच थाळीत बसतो, पण गावात तसं नाही. एकाच गावात मराठ्यांच्या घरचं वाटप वेगळं, भंडाऱ्यांच्या घरचं वेगळं, ब्राह्मणाघरी मासाच नाही, आणि गावाच्या कडेला ज्यांची घरं आहेत त्यांच्या चुलीवर काय शिजायचं हे विचारायची पद्धतच नव्हती. त्यांच्या घरच्या कृती कुठल्याही मालवणी पुस्तकात मी वाचलेल्या नाहीत. एका घरातही ताटं सारखी नसतात. आमच्याकडे तुकडी बाप्यांच्या ताटात आणि बायकांच्या भातावर आमटी, असं मी लहानपणी रोज पाहिलं. आई सगळ्यांत शेवटी जेवायची. माशाची आमटी कशी करायची हे लिहिताना ती कुणाच्या ताटात कशी पडली हेही लिहायला हवं, असं मी म्हणते ते एवढ्यासाठी.

इथे मला गावातलीच एक रीत आठवते. आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच वाडी. भराडीदेवीच्या जत्रेमुळे तिचं नाव सगळ्यांना माहीत आहे. जत्रेची तारीख पंचांगावर ठरलेली नसते, देवीला कौल लावून ठरते. जत्रेच्या दिवशी आंगणे मंडळींच्या घरांत बायका देवीचा नैवेद्य रांधतात, आणि रांधताना बोलत नाहीत. इतक्या घरांत एकाच दिवशी, एक शब्दही न काढता स्वयंपाक होतो, याचा अर्थ किती पाणी, किती मीठ, कधी उतरवायचं, हे त्या हातांमध्ये पक्कं आहे. ही शांतता श्रद्धेची आहे. तिच्या मागे पिढ्यान् पिढ्यांचा सराव आहे आणि ती पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर पाळली जाते. पुस्तकांतली शांतता अशी नाही. तिथे वाचणारीच्या समोर कुणी नसतं, त्यामुळे तिथे जे बोललं जात नाही ते कायमचं हरवतं.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर बहुतेक पाककृती म्हणजे एकही 'जर' नसलेला प्रोग्रॅम. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी पायरी, संपलं. असा प्रोग्रॅम दाखवायला छान असतो, वापरायला गेलं की पहिल्या अनपेक्षित गोष्टीला बंद पडतो. खरं काम करणाऱ्या प्रोग्रॅमचा मोठा भाग 'हे नसेल तर काय', 'हे जास्त झालं तर काय' यांनीच भरलेला असतो. आईचं "बघान घाल" म्हणजे अशा 'जर'ची एक लांबलचक यादी आहे. ती गूढ नाही, जादू नाही, आणि लिहून काढता येते. पुढच्या काही महिन्यांत मी आईला दर वेळी 'का' विचारत ती यादी काढली. ती अशी:

चार माणसांना साधारण चार वाट्या पाणी आणि चार मोठे चमचे पीठ. हे झालं माप, आता बघायचं काय ते. पिठी भातावर घ्यायची असेल तर पातळ, भाकरीबरोबर घ्यायची असेल तर दाट. कुळीथ खमंग भाजून दळलेला असेल तर लवकर शिजते, भाजणं कमी पडलं असेल तर जास्त उकळावी, नाहीतर उग्र लागते. तेलात ठेचलेली लसूण लाल करावी, मग मिरची, हळद. कांदा असेल तर घालावा, नसेल तर अडत नाही. पाणी घालून उकळू द्यावं. पीठ आधी गार पाण्यात कालवून मगच उकळत्या पाण्यात सोडावं आणि ढवळत राहावं, नाहीतर गुठळ्या होतात. आंबटाला दोनतीन आमसुलं. आमसुलं संपली असतील तर आगळ, पण मग मीठ शेवटी आणि चव बघून, कारण आगळात मीठ असतंच. नारळ फोडलेला असेल तर मूठभर ओलं खोबरं, मुद्दाम फोडू नये. पिठी गार होताना दाटते, म्हणून चुलीवरून उतरवताना हवी त्यापेक्षा पातळच ठेवावी. घरातलं कुणी उशिरा जेवणार असेल तर आणखी पातळ. अचानक माणूस वाढला तर दोन वाट्या पाणी, एक चमचा पीठ आणि थोडं मीठ वाढवून परत उकळी काढावी. पाहुण्याला कळत नाही. सोबत भाजलेली सुकी मासळी, वार पाळणारं कुणी असेल तर पापड किंवा खारातली मिरची. उरली तर सकाळी घट्ट होते, ती भाकरीला लावून खावी.

हे सांगताना 'उशिरा जेवणार असेल तर' या वाक्यावर मी थांबले. उशिरा जेवणारी म्हणजे आईच. पिठीत किती पाणी घालायचं याचा एक हिशोब ती रोज स्वतःला शेवटी जेवायचं आहे हे धरून करत होती. कुठल्याही कृतीत हे पाणी मोजलेलं नाही.

अशा लेखनावर आक्षेप घेता येतील. पहिला असा की एवढं लांबण लावलं तर रात्री साडेनऊला कुणी वाचणार नाही. खरं आहे. म्हणून माप वर लिहावं आणि बाकीचं खाली. घाईच्या दिवशी वरच्या ओळीवर भागेल. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: घरच्या अन्नाचं असं कौतुक म्हणजे बायकांना पुन्हा चुलीकडे ढकलणं. हा धोका मला ठाऊक आहे, कारण चुलीपासून सुटका करून देणाऱ्या आईची मी मुलगी आहे. पण ते ज्ञान लिहून ठेवलं तरच ते बाईच्या हातातून सुटून कुणाच्याही हातात जाऊ शकतं. हॉस्टेलवरचा मुलगा, एकटा राहणारा बाप, माझ्यासारखी इंजिनिअर, सगळ्यांनाच पिठी करता आली तर ती करण्याचं ओझं आपोआप वाटलं जाईल. 'रुचिरा'ने मापाची सत्ता वाटली, आता अंदाजाची वाटायला हवी.

तेव्हा खाण्यावरचं कुठलंही नवं पुस्तक, लेख किंवा व्हिडिओ समोर आला की मी चार गोष्टी पाहते. हे अन्न कुठल्या ऋतूतलं आणि आठवड्यातल्या कुठल्या दिवसाचं आहे, ते सांगितलं आहे का? काय नसलं तर चालतं आणि काय नसलं तर पदार्थच होत नाही, हे कळतं का? हे करायला कुणाचे किती हात आणि किती वेळ लागला, ते दिसतं का? आणि शेवटी ते कुणाच्या ताटात पडलं? सुंदर फोटो, रसाळ भाषा, आजीच्या आठवणी हे सगळं असावं, पण या चारांतली दोन तरी उत्तरं मिळाली नाहीत तर ते लेखन पाहुण्याचं आहे असं मी समजते. या कसोटीला पाटोळ्यांचं पुस्तक उतरतं. 'रुचिरा' अर्धं उतरतं आणि तेही कमी नाही. मालवणी म्हणून जे छापलं जातं त्यातलं फार थोडं उतरतं.

मसुऱ्यातल्या माझ्या ओळखीच्या काही घरांनी कुळीथ पेरणं सोडलं आहे. पीठ आता तालुक्याच्या बाजारातून येतं आणि ते कसं भाजलं होतं हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. म्हणजे माझ्या यादीतला एक 'जर' आत्ताच कोरा झाला आहे. आई साठीच्या जवळ आली आहे. तिच्या बरोबरीच्या बायका अजून गावात आहेत, आणि प्रत्येकीच्या पिठीत पाणी वेगवेगळं आहे. पुढच्या मे महिन्यात गावी गेल्यावर मी वही घेऊन निदान आमच्या वाडीतल्या घरांत जाणार आहे आणि पहिला प्रश्न पाण्याचा विचारणार नाही, जेवायला शेवटी कोण बसतं ते विचारणार आहे.